दुसऱ्यातून तिसऱ्यात

वणीत, बंद पडलेल्या जिनिंगच्या पटांगणात
ती उभी होती. काळी. मर्सिडीज.
एवढी पुसलेली
की दारात मला माझंच पोट दिसलं.

मारेगावहून लिंगाजी कुळसंगे मला घेऊन आले, मोटरसायकलवर.
त्यांचा बँड आहे, मंडप आहे, दोन घोड्या होत्या,
एक मेली, आणि दुसरीवर आता नवरदेव बसत नाहीत.
"तुमी फक्त पाहून सांगा जी, किती द्याचे."
एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत काढली मी,
लाल गाड्यांच्या पोटाखाली पाठ टेकून.
तिथलं शिकलेलं इथं किती लागू पडतं
कोण जाणे.

रुमालात गुंडाळलेलं चुंबक बॉनेटवर ठेवलं,
ते सरळ घसरून खाली.
लिंगाजींचा चेहरा उतरला.
म्हटलं, घाबरू नका, हे ॲल्युमिनियमचंच येतं.
मागच्या उजव्या दाराला मात्र चिकटायला हवं होतं.
नाही चिकटलं.
तिथं बोटभर पुट्टी, वर पॉलिश, वर दलालाचं हसू.

चार टायर, चार सालांचे.
मीटरवर बासष्ट हजार,
पण ब्रेकच्या पायडलचं रबर
म्हाताऱ्या माणसाच्या टाचेसारखं गुळगुळीत.
मागची डावी सीट खचलेली: मालक जड होता,
आणि कधी स्वतः चालवत नव्हता.
"नागपूरच्या डॉक्टरची गाडी," दलाल म्हणाला.
मी एसीचा फिल्टर काढून त्याच्या हातावर झटकला.
कोळसा.
डॉक्टर काय खाणीत दवाखाना चालवत होते?

चालवून दाखवायला एक माणूस पुढं आला,
इतका वेळ कडुनिंबाखाली उभा होता.
अजाबराव. अकरा वर्षं हीच गाडी.
चप्पल बाहेर काढून आत बसला.
चावी अर्धी फिरवून थांबला,
तीन आकडे मनात मोजले,
मग इंजिन उठवलं, झोपलेलं लेकरू उठवावं तसं.

घुग्घुसच्या रस्त्यावर ट्रकांची रांग, काळा धुरळा.
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
त्यानं पाय जरासा उचलला.
दर वेळी. अगदी केसभर.
लिंगाजी मागं बसून काच खाली-वर करत होते,
त्यांना कळलं नाही.
मला कळलं. मीही डेपोत साहेब तपासणीला आले
की असाच पाय उचलायचो.

परत आल्यावर लिंगाजी डिक्कीत वाकले होते,
तेव्हा तो जवळ आला.
"सात मयन्याचा पगार अडकला जी.
गाडी इकली का देतो म्हणते सायेब.
गिअरचं नोका सांगू."
मग, मी विचारलंही नव्हतं, तरी म्हणाला,
"मीटर मीच फिरवून आणलं, अमरावतीहून.
त्याचं सांगा पाह्यजे तर."

चहा आला. मी पिऊ शकलो नाही, फार गोड होता.
बँडच्या पावतीबुकाच्या मागच्या पानावर
लिहीत गेलो:

मागितले अकरा लाख.
मीटर खोटं, एक लाख वजा.
टायर, साठ हजार.
पुट्टी आणि रंग, चाळीस.

इथं पेन थांबलं.
तो पलीकडं पुन्हा काच पुसत होता,
पुसलेलीच.

गिअरबॉक्स, दुसऱ्यातून तिसऱ्यात झटका, दीड लाख.
राहिले साडेसात.

त्यातून अजाबराव, सात महिने, चौदाप्रमाणे
अठ्ठ्याण्णव हजार,
मालकाच्या आधी, याच्या हातात.

लिंगाजींनी चष्मा लावला,
प्रत्येक ओळीवर बोट ठेवत खाली आले.
"टायर समजले. गिअरबॉक्सही समजला."
बोट शेवटच्या ओळीवर अडलं.
"पण हा अजाबराव
कोणता पार्ट होय जी?"

मी रुमालाची गाठ सोडवत राहिलो.
चुंबकाला लोखंडाचा बारीक कीस लागला होता,
कुठला, ते काही लक्षात येईना.